मार्वे ते गोराई: गटाने कयाक वल्हवत जाऊन खाडीपलीकडे एक रात्र

मुंबईच्या आसपास बेटं भरपूर आहेत, पण कयाकने जाऊन तंबू ठोकावा अशी बेटं शोधायला बसलं की यादी भराभर आखडत जाते. सुरुवात तिथूनच करू, कारण बहुतेक गटांचे बेत चुकीचं बेट निवडल्यामुळे फसतात.

घारापुरीचं नाव सगळ्यांच्या तोंडी पहिलं येतं. गेटवेपासून ती दहा-अकरा किलोमीटरवर आहे, पण मधलं सगळं पाणी चालत्या बंदराचं आहे. तिथे मालवाहू जहाजं, तेलाची जहाजं, नौदलाच्या बोटी आणि प्रवासी लाँचची रांग असते. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट आणि नौदलाची वेगवान बोट यांची टक्कर होऊन माणसं गेली. एवढी मोठी बोट जिथे सुटली नाही, तिथे पाण्यापासून हातभर उंच बसलेला कयाकवाला कुणाच्या नजरेला पडणार? शिवाय घारापुरीवर पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत. जवाहर द्वीपावर तेलाचे धक्के आहेत, तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) किनाऱ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. या दोन्हींच्या जवळपासही फिरकायचं नाही.

खांदेरी मोहात पाडते. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात तीही आहे. पण ती अलिबागजवळच्या थळसमोर खुल्या समुद्रात आहे आणि किल्ल्यात तंबू लावणं हा विषयच नाही. उत्तरेला वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचं बेट आहे. मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेला किल्ला, भोवती नांदतं कोळ्यांचं गाव, किनाऱ्यावरून होडीने काही मिनिटांचं अंतर. जागा सुरेख आहे, पण नदीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यांवर लाटा फुटतात आणि ओहोटीचा ओढ सरळ समुद्राकडे असतो. गट मुरल्यावर, गावकऱ्यांशी बोलून, तिथे जावं.

पहिल्या सहलीसाठी माझं मत ठाम आहे: मालाडच्या मार्वेहून निघायचं, मनोरीच्या खाडीतून आत जायचं आणि गोराईला मुक्काम करायचा. मनोरी, गोराई, उत्तन हा पट्टा म्हणजे जुनं धारावी बेट. शीव-माहीमजवळच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. आज ते भाईंदरकडून रस्त्याने जोडलेलं आहे, आणि इथे तेच सोयीचं ठरतं. सामान पुढे गाडीने पाठवता येतं, कुणाला ताप आला तर रिक्षा मिळते, आणि रविवारी सकाळी वारा फिरला तर कयाक तिथेच ठेवून माणसं बोरिवलीच्या लाँचने घरी येतात. माघार घेता येईल अशी जागा निवडा. नवख्या गटाच्या दृष्टीने ती बेटाच्या सौंदर्यापेक्षा मोलाची आहे.

आधी तिथी, मग वार

गटाच्या सहलीत तारीख ठरते ती सगळ्यांच्या सुट्ट्या बघून. खाडीत हे चालत नाही. इथे तारीख समुद्र देतो, आपण फक्त त्यातला शनिवार शोधायचा.

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच लागू. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि रोज ही वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. प्रत्यक्षात मुंबईत भरती या हिशोबापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा येते असं धरा, भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरतीच्या, दिवसांत फरक आणखीही पडतो. म्हणून दिनदर्शिका वापरायची ती शनिवार हुडकायला. नक्की वेळ घ्यायची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून. मुंबईसाठी त्यात अपोलो बंदरच्या वेळा असतात.

या हिशोबातून एक गोष्ट निघते, जी शहरातल्या हौशी लोकांच्या लक्षात येत नाही. मुंबईत भरतीची वेळ आणि भरतीचा जोर एकमेकांना बांधलेले आहेत. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं आणि तेव्हा पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिची वेळ सकाळ-संध्याकाळची. उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडतो. भांगाला तो दोन मीटरच्या आत-बाहेर असतो. पाणी तेवढ्याच वेळात चढायचं-उतरायचं असल्यामुळे उधाणाला खाडीतला ओढ नवख्याच्या वल्हवण्याला सहज भारी पडतो. ‘सकाळी दहाला भरती आहे, छान वेळ आहे’ असं म्हणून त्रयोदशी-चतुर्दशी निवडणारा गट नकळत जवळजवळ उधाण निवडत असतो.

आपल्याला हवी नवमी. शनिवारी नवमी असेल तर हिशोब असा बसतो: दुपारी एकच्या सुमारास ओहोटी संपते आणि पाणी चढू लागतं, संध्याकाळी सातनंतर पूर्ण भरती. तीनला मार्वेहून निघालं की चढतं पाणी आपल्याला खाडीत आत ढकलतं. दुपारचे खारे वारेही समुद्राकडून येत असल्याने पाठीवरच. पाचच्या सुमारास गोराईला उतरेपर्यंत भरतीचे चार तास झालेले असतात. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. बारा हिस्से धरले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं चढतं. म्हणजे चार तासांत नऊ हिस्से, पाऊण खाडी भरलेली. चिखल झाकला गेलेला असतो आणि सूर्यास्ताला अजून तास शिल्लक असतो.

रविवारी दशमी. सकाळी आठ-साडेआठला भरती पूर्ण होते. सव्वाआठ-साडेआठला निघायचं, पाणी थबकलेलं असताना पहिला टप्पा मारायचा, आणि ओहोटी सुरू झाली की तीच आपल्याला मार्वेकडे घेऊन येते. सकाळी जमिनीवरचे मतलई वारे, तेही पाठीवर. तिसऱ्या-चौथ्या तासाला ओहोटी सर्वांत जोरात असते, त्याच्या आत आपण वाळूवर हवं. अष्टमीचा शनिवारही चालतो, फक्त दोन्ही दिवशी पाऊण तास लवकर निघा. दशमीच्या शनिवारी उतरता उतरता अंधार पडायला लागतो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला होतो. एकादशीपासून पुढे हा बेत सोडून द्या.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात असे शनिवार मोजकेच निघतात, म्हणून सप्टेंबरातच बघून ठेवा. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो आणि उन्हाने माणसं वल्हं हातात घेण्याआधीच दमतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. कोळी ज्या दिवसांत होडी वर ओढून ठेवतात, त्या दिवसांत आपण प्लास्टिकची कयाक घेऊन काय सिद्ध करणार?

शुद्ध नवमी असेल तर संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत चांदणं मिळतं. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. माझी पसंती शुद्ध पक्षाला. चांदण्यात तंबूच्या दोऱ्या दिसतात, लोक अडखळत नाहीत.

पाहणी ओहोटीतच करा

आठवडाभर आधी दोघा-तिघांनी जाऊन यायचं, तेही पाणी पूर्ण उतरलेलं असताना. भरतीत सगळी खाडी सारखीच गुळगुळीत दिसते. ओहोटीत खरं रूप कळतं: कुठे गुडघाभर रेंदा आहे, कुठे खडक, कुठे जुन्या खुंटांची टोकं, कुठे जाळ्यांचे दोर. मार्वेहून मनोरीला लाँचने जा, मग रस्त्याने गोराई, आणि परत येताना गोराई खाडीची लाँच पकडून बोरिवलीला उतरा. दोन्ही धक्क्यांच्या पायऱ्या नीट बघा. पाण्याखाली राहणाऱ्या पायऱ्यांवर शेवाळ आणि कालवं असतात. शेवाळावर पाय घसरतो आणि पडताना हात टेकतो तो कालवावर. ती कडा ब्लेडसारखी कापते.

याच फेरीत तीन माणसांशी बोलायचं. पहिला मुक्कामाचा मालक. चौपाटीवर तंबू लावायचा विचार मनातून काढा, पोलीस उठवतात. तिवरांच्या कडेलाही नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशांनी कांदळवनाला संरक्षण आहे आणि सरकारी जमिनीवरचं बरंचसं कांदळवन राखीव वन आहे. शिवाय भरतीला ती जागा पाण्याखाली जाते हे वेगळंच. गोराई-मनोरीत नारळाच्या वाड्या आहेत, ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती) आणि कोळी लोकांची जुनी घरं आहेत, भाड्याने मिळणारे बंगले आहेत. आवारात तंबू लावू देणारा मालक विचारलं की सापडतो. संडास, न्हाणीघर, गोडं पाणी, दिवा आणि रात्री गाडी आत येईल असं फाटक या पाच गोष्टी असल्या की बाकी घासाघीस करू नका. घरात कोण म्हातारं-कोतारं आहे, गाणी किती वाजता बंद करायची, हेही तेव्हाच विचारून घ्या.

दुसरा माणूस धक्क्याजवळ कयाक ठेवायला जागा देणारा. धक्का ते वाडी हे अंतर कयाक खांद्यावर घेऊन चालण्याचं नाही. कयाक पाण्याजवळच कुणाच्या अंगणात साखळी-कुलपात ठेवा आणि फक्त वल्ही, जॅकेटं बरोबर घ्या. सामानाला रिक्षा किंवा छोटा टेम्पो.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा: इंजिनाची होडी असलेला स्थानिक कोळी. दोन्ही दिवस त्याची होडी सोबत घ्या. गटाच्या खर्चात हा आकडा खुपतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अरे, आपल्याला पोहता येतं की.’ तरीही कापू नका. डोल जाळी कुठे बांधली आहेत, त्या आठवड्यात कुठली बोट कुठे नांगरली आहे, खाडीचा खोल भाग कुठून जातो हे त्याला माहीत असतं. दमलेल्या दोघांना कयाकसकट ओढून न्यायलाही तोच. काका म्हणून बोला, भाव आधीच ठरवा, आणि निघायचं की नाही यावर त्यांनी मान हलवली नाही तर निघू नका.

परवानगी आणि पोलीस

२६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून, रबरी होडीतून उतरले होते. त्यानंतर मुंबईच्या किनाऱ्यावर अनोळखी छोट्या होड्या दिसल्या की लोक फोन करतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून मार्वे आणि गोराई या दोन्ही बाजूंच्या पोलीस ठाण्यांत आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात तारीख, निघण्याची-पोचण्याची वेळ, कयाकची संख्या आणि रंग, सगळ्यांची नावं, सोबतच्या होडीचा नोंदणी क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता लिहा. पोचपावतीचा शिक्का घेऊन त्याची प्रत ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, ठेवा, प्रत्येकाजवळ ओळखपत्र असू द्या. नकार मिळाला तर वाद घालू नका, तारीख किंवा जागा बदला. कयाक भाड्याने घेत असाल तर त्या व्यावसायिकाकडे त्या पाण्याचा परवाना आहे का हे विचारा आणि तो कागद बघा.

मार्व्याला आयएनएस हमला हा नौदलाचा तळ आहे. त्याच्या समोरच्या किनाऱ्याकडे कयाक वळवायची नाही, त्या दिशेने फोटो काढायचे नाहीत, आणि ड्रोन घरीच.

माणसं

व्हॉट्सॲपवर विचारलं की वीस जण ‘नक्की येतो’ म्हणतात. आगाऊ पैसे मागितले की दहा उरतात, सरावाच्या दिवशी आठ. आठ ही संख्या मला पटते: चार दुहेरी कयाक, आणि त्यांच्याबरोबर एकट्याने कयाक हाकणारा एक अनुभवी. म्हणजे एकूण नऊ. यापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गट करा, प्रत्येकाला आपला म्होरक्या द्या.

पोहता येतं का या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. प्रश्न बदला: लाइफ जॅकेट घालून, कपड्यांसकट, खोल पाण्यात दहा मिनिटं न घाबरता राहशील का? हे तरणतलावात करून दाखवायचं. दमा, फिट येणं, खांदा निखळण्याचा इतिहास, मधुमेहाच्या गोळ्या ही माहिती म्होरक्याला खाजगीत कळवायची. लपवली आणि नंतर कळली तर त्या माणसाला वाडीवर रस्त्याने आणा. स्वयंपाकाला माणूस लागतोच.

सरावाचा एक पूर्ण दिवस हवा. मुंबईकरांना पवई तलाव सुचतो, पण तिथे मगरी आहेत. कर्जत किंवा पवनेकडच्या एखाद्या परवानाधारक जलक्रीडा केंद्रात जा. त्या दिवशी वल्हवण्याइतकाच वेळ पालथं होण्यावर घालवा. सिट-ऑन-टॉप प्रकारची, म्हणजे वर उघडी बसायची, कयाक नवख्यांसाठी ठीक, कारण उलटली तरी तिच्यात पाणी भरून राहत नाही. क्रम असा पाठ करून घ्या: कयाक सोडायची नाही, शिट्टी वाजवायची, वल्हं धरायचं. दोघांनी एकाच बाजूला येऊन, तळावरून हात टाकून पलीकडची कड धरायची आणि मागे झुकून ती सुलटी करायची. मग एकाने पलीकडून वजन देऊन तोलून धरायचं, दुसऱ्याने पाय जोरात मारत पोटावर आडवं वर यायचं, कूस वळून बसायचं, आणि बसलेल्याने तोल सांभाळत पहिल्याला घ्यायचं. जोडीने हे तीनदा सलग जमलं की ती जोडी तयार. न जमणाऱ्या जोड्या फोडून पुन्हा बांधा. नवरा-बायकोंना एकाच कयाकमध्ये बसवावं की नाही यावर माझं मत आहे, पण ते इथे लिहीत नाही.

दुहेरी कयाकमध्ये दिशा मागचा सांभाळतो, लय पुढचा ठरवतो. ताकदीचा आणि शांत डोक्याचा माणूस मागे बसवा.

साधनं

लाइफ जॅकेट ही एकच वस्तू अशी आहे जिच्यावर पैसे वाचवायचे नाहीत. धक्क्यावरच्या लाँचमधली फुगलेली केशरी जॅकेटं वल्हवायला निरुपयोगी. हात अडतात, म्हणून लोक बंद सैल करतात, आणि सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. वल्हवण्यासाठी कापलेलं, हात मोकळे ठेवणारं जॅकेट घ्या. परीक्षा सोपी आहे: घालून सगळे पट्टे आवळा, दुसऱ्याला खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत चढलं तर माप मोठं आहे. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधलेली हवी. एक फुंकर म्हणजे इकडे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट.

बाकी सामान दोन वाटांनी जातं. तंबू, अंथरूण, शिधा, भांडी हे सगळं गाडीने आधीच वाडीवर. कयाकवर सगळं लादून नेण्याची हौस मी समजू शकतो, पण पहिल्या खेपेला जड कयाक वळत नाही आणि उलटली तर सामानासकट सुलटी करावी लागते. पाण्यावर प्रत्येकाजवळ एवढंच असावं: दोन लिटर पाणी, सुका खाऊ, कपड्यांचा एक जोड ड्राय बॅगमध्ये, फोन पाणीरोधक पाकिटात गळ्यात किंवा जॅकेटला बांधून, डोक्यावर घट्ट बसणारा दिवा. म्होरक्याकडे प्रथमोपचार, वीसेक मीटर तरंगता दोर, दोर कापायची सुरी, जादा वल्हं. बॅग मध्यभागी, खाली, बांधून. पायाच्या मागे पट्टा असलेल्या सॅन्डल किंवा जुने बूट. चपला रेंद्यात राहतात आणि कालवं तळवा सोलतात. पूर्ण बाह्यांचा पातळ, लवकर वाळणारा सदरा आणि हनुवटीखाली बांधायची टोपी.

खाडीच्या पाण्याबद्दल स्पष्टच सांगतो: ते स्वच्छ नाही. शहराचं सांडपाणी खाड्यांना मिळतं. तोंडात घेऊ नका, उघडी जखम असलेल्याने ती पाणीरोधक पट्टीने झाकावी, उतरल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ करावी आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावे. नंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना खाडीच्या पाण्यात गेल्याचं सांगायला विसरू नका, लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका त्यावरूनच घेतली जाते.

शनिवार

दुपारी एकला मार्व्याला जमा. जेवण हलकं, आणि दारू दोन्ही दिवस पाण्यावरून उतरेपर्यंत नाही. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा, म्हणजे इन्कॉइसचा, लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मुंबईचा अंदाज सकाळी एकदा आणि निघताना एकदा बघा. उंच लाटांचा इशारा असेल तर खाडीच्या तोंडाशी पाणी खवळतं, बेत रद्द. लाटांच्या माथ्यावर फेस दिसायला लागला असेल तरी रद्द. रद्द करण्याचा अधिकार म्होरक्याचा, आणि नको वाटतंय असं म्हणण्याचा प्रत्येकाचा.

भरती सुरू होऊन दोनच तास झालेले असतात, त्यामुळे पाण्यापर्यंत कयाक उचलून न्यावी लागते. दुहेरी कयाक तीस किलोच्या वर जाते, ओल्या वाळूत एका कयाकला चार माणसं लावा. भांगाचा आणखी एक फायदा इथे दिसतो: ओहोटीतही पाणी फार मागे जात नाही.

पहिलीच कसोटी पाण्यात उतरल्याबरोबर. मार्वे-मनोरी लाँचची वाट कापायची असते. लाँच लांब असतानाच सगळ्यांनी एकत्र, जवळजवळ राहून, काटकोनात पार व्हायचं. दोन कयाक पुढे आणि दोन मागे राहिल्या तर लाँचवाल्याला कुणाला वाचवायचं कळत नाही. लाँचची लाट आली की कयाकचं तोंड लाटेकडे करा आणि वल्हवत राहा. आडवी घेतलीत तर पहिली आंघोळ तिथेच.

मग खाडीच्या तोंडाकडे पाठ करून आत वळा. गोराईपर्यंत साधारण पाच-सहा किलोमीटर आहे. नवखा गट ताशी तीन-चार किलोमीटर जातो, भरतीची मदत धरून दोन तास पुरतात. म्होरक्या पुढे, अनुभवी एकटा सर्वांत मागे, होडी मागच्याच्याही मागे. सर्वांत हळू जोडीला म्होरक्याच्या लगेच पाठी ठेवा, वेग तिचाच धरायचा. पुढच्या-मागच्या टोकात शिट्टी ऐकू येईल एवढंच अंतर. दर वीस मिनिटांनी थांबून पाणी प्या, पण थांबताना पाहा की प्रवाह तुम्हाला कुठे नेतोय.

धोका कशाचा आहे हे नीट समजून घ्या. लाटा आत नसतात. धोका आहे नांगरलेल्या मचव्यांचा, त्यांच्या ताणलेल्या दोरांचा आणि जाळ्यांच्या खुंटांचा. प्रवाहात असलेल्या कशाच्याही वरच्या अंगाला जाऊ नका. कयाक आडवी होऊन बोटीला चिकटली की पाणी तिला खाली ओढतं आणि माणूस बोटीखाली जाऊ शकतो. चिकटलीच, तर बोटीपासून दूर झुकण्याचा मोह आवरा आणि बोटीच्याच अंगाला झुका, हाताने रेटत सुटा. मचव्यांच्या रांगेपासून तीन-चार कयाकलांबी दूर राहा. कुणी उलटलं तर सर्वांत जवळची एकच कयाक मदतीला जाते. बाकीच्यांनी प्रवाहाबाहेर, तिवरांच्या कडेला, एकमेकांच्या कयाक धरून थांबायचं. सगळेच धावले की उलटलेल्यांची संख्या वाढते.

आता जरा वर बघा. डाव्या हाताला विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट तिवरांवर वर येतो, तोच तुमचा दिशादर्शक. काठाला चिखल उघडा असेल तिथे निवट्या उड्या मारताना दिसतील, हिवाळ्यात तुतवार चोची खुपसत फिरतात, खंड्या दोरावर बसलेला असतो. तिवरांत शिरून फोटो काढायची हौस असेल तर कडेकडेने, आत नाही; मुळ्यांत वल्हं अडकतं.

गोराईच्या धक्क्यावर लाँच लागत असेल तर तिला आधी जाऊ द्या. एका वेळी एक कयाक लावा, खालच्या पायरीवर दोघे आधीच उतरून उभे. उतरल्यावर म्होरक्याने माणसं मोजावी आणि मुंबईतल्या ठरलेल्या माणसाला फोन करावा. साडेसहापर्यंत तो फोन आला नाही तर त्याने होडीवाल्या काकांना, मग १०९३ या सागरी पोलिसांच्या क्रमांकावर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करायचा, हे त्याला लिहून दिलेलं असावं. ११२ आहेच.

रात्र

तंबू नारळाखाली लावू नका. हे हास्यास्पद वाटतं, पण वाडीत सावलीची जागा नेमकी तीच असते. मालकालाच विचारा की कुठल्या झाडांचे नारळ उतरवलेले आहेत. डिसेंबर-जानेवारीत थंडी बेताची असते, एखादी गोधडी पुरते. त्रास दवाचा आणि डासांचा. बाहेरचं आवरण लावल्याशिवाय झोपू नका आणि ओले कपडे दोरीवर ठेवले तर सकाळी ते आणखी ओले मिळतील, एवढं समजून असा.

स्वयंपाकाचा बडेजाव नको. वाडीच्या मालकिणीला आधी सांगून मासळीचं जेवण ठरवलं तर सर्वांत उत्तम; ईस्ट इंडियन घर असेल तर बाटली मसाल्यातलं कालवण चुकवू नका. स्वतः करायचं असेल तर खिचडी, पापड, सुक्या बोंबलाची चटणी. शेकोटी मालकाने दाखवलेल्या जागीच, आणि चौपाटीवर नाही. साडेनऊला सगळे आडवे. उद्या सकाळी सहाला उठायचं आहे हे कुणाला पटत नाही, म्हणून कयाकच्या कुलपांच्या किल्ल्या म्होरक्याने उशाशी ठेवाव्या; मध्यरात्री ‘चांदण्यात एक चक्कर’ ही कल्पना दर गटात कुणाला तरी सुचतेच.

रविवार

सहाला उठा, तंबू ओलाच गुंडाळून गाडीत टाका, घरी वाळवा. कचरा सगळा परत. आवार झाडून द्या, पुढच्या वेळी फाटक उघडतं ते यामुळे.

जानेवारीत खाडीवर कधी कधी धुकं असतं. पलीकडचा काठ दिसत नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. इथे घड्याळ लावा: साडेनऊपर्यंत निघता आलं नाही तर त्या दिवशी कयाकने परतणं रद्द. ओहोटी जोर धरेल, मार्व्याला पोचेपर्यंत ती खाडीच्या तोंडाकडे ओढत असेल आणि वाराही फिरलेला असेल. माणसं लाँचने बोरिवलीला, कयाक टेम्पोने भाईंदरमार्गे. त्यासाठीचा टेम्पोवाला शुक्रवारीच बोलून ठेवलेला असावा.

वेळेत निघालात तर परतीचा प्रवास जाण्यापेक्षा सोपा असतो, आणि म्हणूनच लोक गाफील होतात. ओहोटी समुद्राकडे नेते. मार्वे दिसायला लागलं की लगेच डाव्या काठाला या आणि काठ धरूनच शेवटचा किलोमीटर करा. मधोमध राहिलात आणि धक्का हुकला तर पुढे खुलं पाणी आहे. होडीला या टप्प्यात मागून काढून समुद्राच्या बाजूला, गटाच्या आणि खाडीच्या तोंडाच्या मध्ये ठेवा. दोन दिवसांत होडीचे पैसे वसूल होतात ते याच वीस मिनिटांत.

वाळूवर आल्यावर पुन्हा माणसं मोजा. मुंबईतल्या त्या माणसाला फोन करा, आणि दोन्ही पोलीस ठाण्यांना सुखरूप परतल्याचं कळवा. हा फोन सगळे विसरतात, मग पुढचा अर्ज घेऊन गेलं की समोरचा साहेब त्याचीच आठवण काढतो. जॅकेटं, वल्ही, दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. काकांचे पैसे तिथेच रोख द्या. गटाचा हिशोब मात्र त्याच संध्याकाळी पाठवा, कारण सोमवार उजाडला की कुणी उचलून पैसे देत नाही.